पट्ट्याचं टोक

“पाय?” अण्णांनी मागून विचारलं.

“हाईत हो, हाईत! किती वेळा विचारता?” मी खेकसले. माझी नजर समोरच्या दगडावर होती.

बर्फाच्या पट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला, रंगीत वर्तुळांच्या मधोमध, एस्तोनियाच्या जोडीचा लाल दगड बसला होता. सामना सहा-सहा. डाव शेवटचा, दगडही शेवटचा, आणि तो ढकलायचा होता मला. लाल दगड उडवून आपला पिवळा तिथं बसवला की जिंकलो. नाहीतर गाशा गुंडाळून घरी.

व्हीलचेअर कर्लिंग म्हणजे काय हे मी आजवर एवढ्या लोकांना सांगितलंय की तुम्हालाही सांगून टाकते. वीस-एक किलोचा गुळगुळीत दगड असतो. आपण चाकाच्या खुर्चीत बसायचं आणि लांब काठीनं तो बर्फावरून असा ढकलायचा की पलीकडच्या वर्तुळात जाऊन थांबेल. त्या वर्तुळाला म्हणतात घर. घराच्या अगदी मधल्या ठिपक्याला अण्णा आणि मी ‘देवघर’ म्हणायचो. माझा भाऊ म्हणायचा, “गोट्याच की गं ह्या, नुसत्या मोठ्या!” म्हणू दे. त्या गोट्यांनीच मला फिनलंडपर्यंत नेलं होतं.

दगड जोरात ढकलायचा असला की आपलीच खुर्ची मागे सरकते. म्हणून जोडीदार मागे येऊन खुर्ची लावतो आणि आपली चाकं धरून ठेवतो. नियम थोडेच, पण एक फार कडक. दगड ढकलताना पाय बर्फाला लागता कामा नये. लागला की दगड बाद. आता आमच्यासारख्यांना कमरेखालचं काही कळत नाही. पाय फूटरेस्टवरून घसरला काय, कुणी कापून नेला काय, आम्ही आपले मजेत. म्हणून पाय पट्ट्यानं बांधायचे, आणि प्रत्येक दगडाआधी मागच्यानं विचारायचं, “पाय?” पुढच्यानं खाली बघायचं आणि सांगायचं, “हाईत.” हा रिवाज अण्णांनी घालून दिला होता. लष्करातला माणूस, दुसरं काय!

अण्णा म्हणजे नाईक यशवंत खोत, गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यातले. लष्करात असताना डोंगरात ट्रक उलटला आणि पाय गेले. मी इचलकरंजीची शैला मगदूम. बावीस वर्षांची असताना सूतगिरणीच्या माळ्यावरून खाली आले ती खुर्चीतच बसले. अपंगांच्या एका शिबिरात अण्णांनी मला गाठलं आणि म्हणाले, “हाताला जोर हाय तुझ्या. नुसतं रडण्यात घालवू नको.” इचलकरंजीत बर्फ कुठला? पण एका मंगल कार्यालयाची फरशी ग्रॅनाइटची होती. दगडांना खालून छोटी चाकं बसवून आम्ही तिथं सराव करायचो. लग्न नसेल त्या दिवशी. अण्णा दोन तास एसटीनं यायचे. कंडक्टर आणि दोन उतारू त्यांना खुर्चीसकट चढवायचे-उतरवायचे. एवढं करून आले आणि आयत्या वेळी साखरपुडा निघाला, की आम्ही दोघं बाहेर बसून फुकटची जिलेबी खायचो आणि परत फिरायचो. अशी चार वर्षं गेली.

मला जिंकायचं होतं ते एका पायरीसाठी. हसू नका. भावाच्या घरात न्हाणीला एक पायरी होती. रोज सकाळी वहिनी मला काखेत हात घालून त्या पायरीवरून आत न्यायची. ती चांगली होती, कधी बोलली नाही. पण तिचं घरातलं आवरून होईपर्यंत मी तोंड न धुता बसलेली असायचे, अकरा-अकरा वाजेपर्यंत. हा सामना जिंकला की आम्ही मुख्य जागतिक स्पर्धेत जाणार होतो. तिथं खेळलं की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी, नोकरी लागली की स्वतःचं घर, आणि त्या घराला एकही पायरी असणार नव्हती.

त्या दिवशी सकाळी नाश्त्याला आमचे प्रशिक्षक बर्वे सर हळूच माझ्याशी बोलले होते. “पुढच्या वर्षीपासून तुला पुण्याचा तरुण जोडीदार देतोय. खोत बावन्नचे झाले. त्यांना सांगितलंय मी.”

मी पलीकडे बघितलं. अण्णा उकडलेलं अंडं सोलत होते. टरफलाचा एक-एक तुकडा ताटलीच्या कडेला मांडत होते. मला म्हणाले, “खाऊन घे, सामन्याला येळ हाय.” एवढंच. ह्या माणसाला काहीच वाटत नाही का, असं माझ्या मनात आलं.

तर तो शेवटचा दगड. मी काठी टेकवली. श्वास सोडला. मागून अण्णांची पकड चाकांवर बसली, आणि मी दंडात होता नव्हता तेवढा जोर लावून ढकललं.

दगड हातातून सुटतानाच कळलं. स्वयंपाक करणाऱ्या बाईला पोळी टाकतानाच कळतं ना, ही फुगणार म्हणून? तसं. सगळ्यांच्या माना दगडामागे गेल्या. तेवढ्यात माझ्या खुर्चीला डाव्या बाजूनं बारीकसा हिसका बसला. मी लक्ष दिलं नाही. पिवळा दगड गेला, लालवर आदळला, लाल उडून बाहेर, आणि आपला जागच्या जागी. देवघरात!

मी किंचाळले. दोन्ही हात वर. कठड्यापलीकडून बर्वे सर नाचत होते. एस्तोनियाची बाई हसत माझ्याकडे यायला लागली, हात मिळवायला. आणि मी मागे वळून बघते तर अण्णांचा हात वर. पंचाला बोलवायला करतात तसा.

“फूट,” अण्णा इंग्रजीत म्हणाले. “हर फूट. ऑन आइस.”

मला आधी वाटलं, थट्टा करताहेत.

पंच आली. उंच, पांढऱ्या केसांची बाई. तिनं वाकून माझे पाय बघितले. दोन्ही पाय फूटरेस्टवर, पट्ट्यात, शहाण्या पोरांसारखे. तिनं मला विचारलं, “लागला होता?”

“नो!” मी म्हणाले. माझ्या हिशोबानं खरंच सांगत होते.

तिनं एस्तोनियाच्या दोघांना विचारलं. त्यांनी काही बघितलं नव्हतं. मग तिनं अण्णांकडे बघितलं. ह्या खेळात पंच कुणाच्या मागे डोळे लावून बसत नाही. आपली चूक आपणच सांगायची, हीच रीत. अण्णांनी काही भाषण केलं नाही. खुर्ची वळवली, बर्फाच्या कडेकडेनं त्या टोकाला गेले, काठी पुढे केली आणि माझा दगड देवघरातून ओढून बाजूला काढला. त्यांचा लाल दगड पुन्हा जागेवर ठेवला गेला.

हरलो. सहा-सात.

बाहेरच्या बोळात मी त्यांना गाठलं. माझा सगळा देह थरथरत होता, म्हणजे जेवढा थरथरू शकतो तेवढा.

“डोळ्यांत खुपलं व्हय माझं?” मी म्हणाले. “सर म्हणाले ते झोंबलं, म्हणून माझ्या अन्नात माती कालवलीत?”

“शैला, पाय लागला हुता.”

“कुणी बघितला?”

“मी.”

“त्यांना नाही दिसला, पंचाला नाही दिसला, तुम्हालाच बरा दिसला!”

“धरणाऱ्यालाच दिसतोय तो. त्यासाठीच धरणारा असतोय.” अण्णा म्हणाले. “डावा पाय. टोकावर टेकलेला हुता. ढकललास तवा मी बघितला.”

“मग आधी का नाही बोललात?”

“आधी इचारलं की. तू म्हणालीस, हाईत.”

मी जास्तच ओरडले. काय काय बोलले ते आता सांगवत नाही. एवढं सांगते, की त्यांच्या लष्करावरही गेले. म्हणाले, असलीच इमानदारी करायला शिकवतात का तिथं, आपल्याच माणसाच्या पाठीत सुरा घालायची? अण्णांनी ऐकून घेतलं.

“आत जा आधी,” ते म्हणाले. “बूट काढ. पाय बघ.”

“पाय बघू नका आता माझे! पुरे झाले!” असं काहीतरी बोलून मी बायकांच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं.

बर्फावर घालायचे बूट वेगळे असतात. बाहेरची घाण आत जाऊ नये म्हणून हॉलच्या दारातच चढवायचे, दारातच उतरवायचे. माझे कापडी होते, आणि रागाच्या भरात ते पायातच राहिले होते. रडत-रडत मी डावा बूट काढायला वाकले आणि पट्टा सोडायला हात घातला. पट्ट्याचं टोक सापडेना. बघितलं तर ते वळवून आत खोचलेलं.

मी कधी टोक खोचत नाही. माझ्या पट्ट्यांची टोकं लोंबत असतात, अण्णा त्यावरून मला बोलायचे. खोचायची सवय त्यांची होती. आणि दुसरं म्हणजे, शेवटच्या दगडाची वाट बघताना तो पट्टा मीच सोडला होता. विमानप्रवासानं पाय सुजले होते, वळ पडले होते, म्हटलं दोन मिनिटं मोकळा सोडू. मग एस्तोनियावाल्यांनी शेवटचा दगड टाकायला फार वेळ लावला, पाच-सहा मिनिटं दोघं कुजबुजत बसले, आणि त्या धाकधुकीत पट्टा बांधायचा राहूनच गेला. अण्णांनी “पाय?” विचारलं तेव्हा मी खाली बघितलं नव्हतं.

तो हिसका. दगड पळत होता, सगळं जग दगडाकडे बघत होतं, तेव्हा हा माणूस खुर्ची बाजूला घेऊन वाकला होता. माझा पाय बर्फावरून उचलून त्यानं वर ठेवला, पट्टा बांधला, टोक खोचलं. आणि मग हात वर केला.

मी बूट काढला. मोज्याचं पुढचं टोक ओलं होतं. मोजा उतरवला तर अंगठ्याला थंडीनं चिमटा काढल्यासारखा पांढरा-लाल डाग. उजवा मोजा खडखडीत. मी उगाच इकडे-तिकडे बघितलं, कुठं पाणी सांडलंय का म्हणून. नव्हतं सांडलं. बूट बर्फाखेरीज कुठं टेकलेच नव्हते. देवा, आता काय करू, असं मी मोठ्यानं म्हणाले.

दारावर टकटक झाली.

“शैला, आवरलं का?” बर्वे सर. “आपल्या खेळाच्या संघटनेला द्यायचं पत्र तयार केलंय. तुझी सही हवी.”

मी मोजा हीटरवर टाकला. पायांवर शाल ओढली आणि दार उघडलं.

सरांनी कागद माझ्या मांडीवर ठेवला. त्यात लिहिलं होतं की श्री. खोत यांनी संघातून वगळल्याच्या रागातून जाणूनबुजून खोटा आरोप करून देशाचा विजय घालवला. आणि माझा पाय बर्फाला लागलेला नव्हता.

“पण सर, समजा लागला असला तर?” मी विचारलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नव्हता तो, त्यालाही वर जाब द्यायचा होता. “लागला असला तर पट्टा न बांधल्याची चूक तुझी. मग संघटना म्हणेल, दोघंही नकोत. नवी जोडी आणू. तू पुन्हा मंगल कार्यालयात.” मग हळूच म्हणाले, “पण लागला नव्हता ना?”

मला ती पायरी दिसली. वहिनीचे हात काखेत. अकरा वाजेपर्यंत न धुतलेलं तोंड.

“नव्हता,” मी म्हणाले, आणि सही केली.

पुढचं सगळं माझं चांगलं झालं. पुढच्या वर्षी पुण्याच्या जोडीदाराबरोबर मी मुख्य स्पर्धेत गेले. नऊ वर्षं देशासाठी खेळले. नोकरी लागली. कोल्हापुरात घर बांधलं, त्याला एकही पायरी नाही. शाळा-शाळांतून मला बोलवायचे, आणि मी पोरांना सांगायचे, आमच्या खेळात आपली चूक आपणच सांगायची असते. टाळ्या पडायच्या. घरी आल्यावर मला जेवण जायचं नाही.

अण्णांवर कायमची बंदी आली. चौकशीला बोलावलं तेव्हा त्यांनी एकच वाक्य सांगितलं म्हणे, “पाय लागला हुता.” पट्ट्याचं काही बोलले नाहीत. आमच्याकडच्या एका पेपरात छापून आलं, ‘सहकाऱ्यानेच केला घात’. सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत झेंडा अण्णांच्या हातून चढायचा. त्या वर्षी दुसऱ्याला बोलावलं. पुढच्याही वर्षी. हे मला कळत होतं, कुणी ना कुणी सांगायचंच. गावात पोरं त्यांना मागून ‘फितूर’ म्हणतात, हेही सांगितलं.

बारा वर्षं मी गेले नाही. मग गेल्या साली संघटनेनं माझा सत्कार ठरवला आणि माहितीचा फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना होता, ‘पहिले मार्गदर्शक’. दोन दिवस तो कागद टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी मी दुसरा कागद घेतला, त्यावर जे लिहायचं ते लिहिलं, आणि हातानं चालवायची माझी गाडी काढून गडहिंग्लजची वाट धरली.

अण्णांच्या घराला दारापर्यंत उतार होता, त्यांनी स्वतः सिमेंट कालवून केलेला. ते वर सोप्यात बसले होते. वाळले होते. मला बघून हसले, आणि तेवढ्यानंच माझा अर्धा जीव गेला.

“आलीस व्हय! जपून चढ, शेवाळ धरलंय त्याला. अगं ए, बघ कोण आलंय! चहा टाक.”

अण्णांच्या पत्नी सरूकाकू आतून डोकावल्या. हसल्या नाहीत. आत गेल्या.

मी काही आडवळण घेतलं नाही, घेतलं असतं तर तशीच परत आले असते. कागद काढला. “अण्णा, हे मी संघटनेला पाठवतेय. आणि पेपरलाही. आधी तुम्ही वाचा.”

“बारीक दिसत न्हाई आता. तूच वाच.”

मी वाचलं. माझा डावा पाय त्या दिवशी बर्फाला लागला होता. पट्टा मी बांधलेला नव्हता. श्री. यशवंत खोत खरं बोलले. त्यांच्याविरुद्धच्या पत्रावरची माझी सही खोटी होती. चारच ओळी होत्या. सरूकाकू चहाचे दोन कप घेऊन दारात येऊन थांबल्या होत्या.

अण्णांनी खाली गुडघ्यांवरच्या हातांकडे बघितलं.

“बरं झालं बघ,” ते म्हणाले. “मला कळत हुतं, तुझा काय दोष न्हाई. तुला पायाचं कळत न्हाई, तर तुला कुठनं ठावं असणार? मी म्हणालो हुतो, बूट काढ, पाय बघ. मला वाटलं, रागाच्या भरात बघितलाच न्हाईस. हिला पण मी तेच सांगत आलोय. पोरगी खोटं बोलली न्हाई, तिला वाटलं ते बोलली.” त्यांनी मान वर केली. “मग हे कवा कळालं तुला?”

आता एवढंच म्हणायचं होतं, की नंतर कळलं. वर्षभरानं, दोन वर्षांनी. ते मानले असते. सगळं गोड झालं असतं.

“त्याच दिवशी,” मी म्हणाले.

“कवा?”

“बूट काढला तेव्हा. पट्ट्याचं टोक खोचलेलं होतं, तुमच्यासारखं. मोजा ओला होता.”

“सही कवा केलीस?”

“त्यानंतर.”

“किती येळानं?”

“मोजा हीटरवर होता, अण्णा. वाळला नव्हता.”

सरूकाकू पुढे आल्या. एक कप अण्णांच्या शेजारी ठेवला. “बारा वर्षं,” त्या मला म्हणाल्या, “झेंड्याच्या दिवशी हे सकाळी उठून दाढी करून बसत्यात. कुणी येत न्हाई बोलवायला. तू कुठं हुतीस गं?” आणि दुसरा कप तसाच घेऊन आत गेल्या.

मी रडले. अण्णांनी रडू दिलं. थोड्या वेळानं म्हणाले, “कागद पाठव. खाली नाव नीट लिही, गावासकट.”

“हो.”

“पेपरवाल्याला पण.”

“हो, अण्णा.”

मी खुर्ची वळवली. त्या घाईत माझा डावा पाय फूटरेस्टवर तिरका झाला आणि पट्ट्याचं टोक खाली लोंबायला लागलं. अण्णांची नजर तिथं गेली. चार वर्षांत असं टोक दिसलं आणि त्यांनी वाकून खोचलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. मी थांबले.

अण्णांनी चहाचा कप उचलला आणि रस्त्याकडे बघत प्यायला लागले.

मग मीच वाकले, पाय सरळ केला, टोक आत खोचलं आणि उतारावरून खाली आले.